भूक मरते, जीभ नाही

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर भूक कायमची मरते का, असं दादांनी विचारलंय. माझं स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन झालंय, म्हणून सांगतो. जठराचा साधारण ७५-८० टक्के भाग काढतात, त्यातच घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन बनवणारा मोठा भाग जातो. त्यामुळे पोटाची भूक खरंच घटते. जिभेची कुठली घटते! गावात रोडग्यांची पंगत बसली की जीव तिकडेच. रोडग्याचा तुकडा, दोन घास वांग्याची भाजी, बस्स. वाढणारे काका रुसतात ते वेगळंच. जेवताना पाणी प्यायचं नाही, बी-१२ जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं.

व्यायामाला चालताना काय ऐकायचं म्हणाल, तर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. ठेका पायात उतरतो. गझला आवडतात, सुरेश भट तर आपल्या अमरावतीचेच, पण त्या ऐकत चाललं की पाय रेंगाळतात.