विषय: बागेतला वर्ग आणि टेकडीचा खर्च

बी-204, सकाळी 8.12
सर्व सभासदांना सुप्रभात. काल दुपारी आपल्या बागेत मागच्या महापालिका शाळेची तीसेक मुले आली होती. त्यांतील काही जण आवळ्याखाली पालथे पडून भिंगातून जमीन पाहत होते आणि एकाने मला ‘काकू, पाय उचला, तुम्ही मुंगळ्यांच्या वाटेवर उभ्या आहात’ असे सांगितले. मुले गोड होती, याबद्दल वाद नाही. परंतु बाग सोसायटीची आहे, आणि कारंज्याच्या वेळी जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. परवानगी कोणी दिली, हे समजले तर बरे होईल.

ए-101, सकाळी 8.15
या मुलांचा कोणताही खर्च सोसायटीच्या निधीतून होणार नाही, याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.

सचिव, सकाळी 8.31
काका, हा ग्रुप आहे, सभा नाही. येथे इतिवृत्त नसते. परवानगी मी दिली होती, तोंडी दिली होती, आणि ती लेखी द्यायला हवी होती हे मान्य आहे.

सी-302, सकाळी 9.04
काकूंना त्रास झाला असल्यास मी दिलगीर आहे, कारण मुलांना मीच आणले होते. निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा मी त्या शाळेत सहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवायला जाते. शाळेपासून वेताळ टेकडीची वाट चालत बारा मिनिटांवर आहे, वर्गाच्या खिडकीतून टेकडी दिसते, आणि तरीही 34 मुलांपैकी टेकडीवर कधी गेलेली मुले किती, असे विचारले तेव्हा नऊ हात वर आले. त्यातला एक हात आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनच्या मुलीचा होता. ती सरपणासाठी आजीबरोबर जात असे. वर्गशिक्षिका एकट्या, सोबतीला कोणी नाही, प्रथमोपचाराची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद, आणि काही झाले तर जबाबदारी कोणाची हे कोणीच लिहून देत नाही. म्हणून टेकडीऐवजी आवळा.

ए-503, सकाळी 9.20
बाईंचे म्हणणे मला पटते, आणि थोडे टोचतेही. आमच्या चिरंजीवांच्या शाळेने यंदा तीन दिवसांचे निसर्गशिबिर नेले, त्यासाठी आम्ही 9,500 रुपये भरले. परत आल्यावर तो पळस आणि पांगारा ओळखून दाखवतो, मला ते दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे टेकडी सगळ्यांची, पण ती वाचायला शिकणे मात्र फी भरणाऱ्यांचे, असा प्रकार झाला आहे.

बी-204, सकाळी 9.26
एवढे टोचत असेल तर गणपतीच्या वर्गणीबरोबर मुलांसाठीही एक पावतीपुस्तक काढावे. मी 501 रुपये देईन. बागेत मात्र नको.

ए-101, सकाळी 9.27
वर्गणी ऐच्छिक असल्यास हरकत नाही. सोसायटीच्या निधीतून मात्र खर्च होणार नाही, हे पुन्हा नमूद करतो.

सी-302, सकाळी 9.58
काकूंच्या 501 रुपयांबद्दल मनापासून आभार, पण मला वर्गणी नको आहे, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर लिहिते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच. आता पाहा, 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडीला सरकारी तिजोरीतून पैसा मिळू लागला आणि ती गावोगाव पोहोचली. कुरणशाळा मात्र त्या दोघींच्या कष्टांची आठवण म्हणून पुस्तकांत राहिली. कल्पना दोन्ही चांगल्या होत्या. एकीला अंदाजपत्रकात ओळ मिळाली, दुसरीला मिळाली नाही. वर्गणीवर चालणारी गोष्ट वर्गणी काढणाऱ्याचे गुडघे दुखेपर्यंत चालते, आणि माझे दुखू लागले आहेत.

ए-503, सकाळी 10.10
मग अर्जच करू या. पुणे महापालिका 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, आणि त्यात 5 लाख रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. यंदाच्या मुदतीला अजून नऊ दिवस आहेत.

सचिव, सकाळी 10.14
आपण मागच्या वेळी त्यातूनच बाके मागितली होती. ती आली, आणि त्यांवर संध्याकाळी कोण बसते यावरून सहा महिने काय चालले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा या अर्जाचा मसुदा बाईंनीच करावा, ही विनंती.

सी-105, सकाळी 10.40
मी शांतपणे वाचत होते, पण आता लिहिते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले, आणि ते कॉलेजात शिकणारे, कळत्या वयाचे होते. टेकडीवर खाणीचे पाणी आहे. सहावीची मुले तिथे नेण्यासाठी पैसे मागणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे. माझा विरोध आहे असे नाही, मला भीती वाटते.

सी-302, सकाळी 11.05
ही भीती रास्त आहे आणि माझ्या मते पैसे मागण्याचे सर्वांत मोठे कारणही तीच आहे. फुकटात नेलेल्या मुलांमागे एकच शिक्षिका असते. पैसे असतील तर वाट माहीत असलेले दोन प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचाराचे साहित्य, पालकांची लेखी संमती आणि खाणीकडे वळायचेच नाही असा आधी पाहून ठरवलेला मार्ग, हे सगळे अटी म्हणून लिहिता येते आणि त्याचा जाब विचारता येतो. आणखी एक फरक सांगते. सहलीत मुले अनोळखी जागी वर्षातून एकदा जातात आणि बेभान होतात. मी म्हणते ते एकाच टेकडीवर वर्षातून सहा वेळा जाणे आहे, म्हणजे पहिल्या पावसानंतर, श्रावणात, तेरडा फुलल्यावर, गवत वाळल्यावर, पानगळीत आणि पळस फुलल्यावर. तिसऱ्या खेपेला मुले धावत नाहीत, शोधू लागतात.

बी-401, सकाळी 11.30
माझा नातू अमेरिकेत ऑरेगन राज्यात बीव्हर्टनला असतो. तिथे पाचवी-सहावीच्या मुलांना शाळेतर्फे आठवडाभर रानात राहायला नेतात. पूर्वी पैसे संपले की दिवस कमी होत, म्हणून 2016 मध्ये लोकांनी मतदान करून राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा या कामासाठी बांधून घेतला, असे सूनबाईंनी सांगितले. नातू परत आला तो खिशात गोगलगाय घेऊन.

बी-204, सकाळी 11.33
आजी, महाराष्ट्राची राज्य लॉटरी 1969 पासून आहे. आमच्या यांनी तिची तिकिटे वर्षानुवर्षे घेतली, गोगलगायसुद्धा लागली नाही.

ए-101, सकाळी 11.36
लॉटरीची तिकिटेही सोसायटीच्या निधीतून घेतली जाणार नाहीत.

सचिव, सकाळी 11.37
काका, तसे कोणीही सुचवलेले नाही.

ए-503, दुपारी 12.15
एक शंका विचारतो, कारण क्षेत्रीय कार्यालयात आपल्याला हीच विचारली जाईल. शाळांना निसर्ग मंडळासाठी आधीच पैसे मिळतात ना? मग पुन्हा का मागायचे? शिवाय सहलींना एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते.

सी-302, दुपारी 1.20
समग्र शिक्षा योजनेत युवा व निसर्ग मंडळासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000, उच्च प्राथमिक शाळेला 15,000 आणि माध्यमिक शाळेला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. ही रक्कम संपूर्ण शाळेसाठी आहे, एका वर्गासाठी नाही. शाळेत 300 मुले धरली तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाचे 50 रुपये येतात. त्यांतून कुंड्या आणि घोषवाक्यांचे फलक होतात. एसटीची सवलत चांगली आहे, पण ती बसची आहे आणि आपल्याला बस लागतच नाही.
माझा हिशेब असा: दोन मार्गदर्शकांचे मानधन 3,000, पाणी व खाऊ 1,020 आणि साहित्य 480, म्हणजे एका खेपेचे 4,500 रुपये. सहा खेपांचे 27,000, म्हणजे दर मुलामागे वर्षाला सुमारे 800 रुपये. पाच लाखांत असे 18 वर्ग बसतात आणि 14,000 रुपये उरतात. ए-503 यांनी एका शिबिराला भरलेल्या रकमेशी तुलना मी करणार नाही.

ए-503, दुपारी 1.22
बाई, तुम्ही ती केलीच आहे.

बी-204, दुपारी 2.05
हिशेब चोख आहे, पण ती तरतूद रस्ते, दिवे, बाके अशा कामांसाठी असते. ‘मुलांना टेकडी दाखवणे’ हे काम होत नाही, असे सांगून अर्ज परत येईल. मी बावीस वर्षे सरकारी कार्यालयात काढली आहेत, म्हणून सांगते.

सी-302, दुपारी 2.30
काकू, परत आला तर तोच अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या नियमित अंदाजपत्रकासाठी आयुक्तांकडे द्यायचा, असे मी दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेच आहे. खरे तर त्याची जागा तीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. दप्तर ठेवायला सांगितले, मुलांनी जायचे कुठे आणि कोणाच्या पैशाने, हे मात्र शाळेवर सोडले. त्या दहांपैकी सहा दिवस आम्ही मागतो आहोत, नवीन काही मागत नाही.

सी-105, दुपारी 3.10
मार्गदर्शक, संमती आणि ठरलेला मार्ग या तीनही अटी अर्जात ठळक असतील तर मी सही करीन.

बी-204, दुपारी 3.48
मसुदा वाचला. त्यात एक गोष्ट राहिली आहे, आणि ती बाईंच्या लक्षात यायला हवी होती. टेकडीवर मुलींची सोय कुठे आहे? सहावी-सातवीच्या मुली तीन तास बाहेर असतील तर निघताना आणि परतताना पायथ्याशी स्वच्छ स्वच्छतागृह लागेल, नाहीतर निम्मा वर्ग त्या दिवशी ‘पोट दुखते’ म्हणून घरी राहील. आणि हे नक्कीच ‘काम’ या शब्दात बसते.

सी-302, दुपारी 3.55
काकू, माझी चूक झाली. हा मुद्दा अर्जात पहिला घेते.

ए-101, दुपारी 4.02
स्वच्छतागृहाचा खर्चदेखील सोसायटीच्या निधीतून होणार नाही.

सी-302, दुपारी 4.20
काका, सकाळपासून आपण जे सांगत आहात तेच मी अर्जाचे पहिले वाक्य केले आहे: ‘हा खर्च कोणत्याही सोसायटीच्या, संस्थेच्या अथवा पालकाच्या निधीतून न होता महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून व्हावा.’

ए-101, दुपारी 4.41
वाक्य ठीक आहे. ‘अथवा’च्या जागी ‘किंवा’ चालले असते.

सचिव, सायंकाळी 5.00
अर्ज गुरुवारी रात्री आठपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे. एका घरातून एकच सही करावी हा आपला जुना संकेत या वेळी लागू नाही, सर्व प्रौढ सभासदांनी करावी. मंगळवारी मुले बागेत पुन्हा येतील, साडेबारा ते दीड, आणि या वेळी परवानगी लेखी आहे.

बी-204, सायंकाळी 5.09
माझी सही झाली आहे. केबिनमधले पेन चालत नाही आणि दुसरे कोणीतरी नेले आहे.

ए-101, सायंकाळी 5.46
नवीन पेन ठेवून त्याला दोरी बांधली आहे. पेन आणि दोरी माझी स्वतःची आहेत.