साखरेचा पाक : भौतिक बदल की रासायनिक?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. साखर पाण्यात विरघळणे हा भौतिक बदल आहे, हे तिला पटते; परंतु त्याच साखरेचा पाक करताना तो तपकिरी होऊन करपला, तर त्याला काय म्हणावे, असे तिने विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.

उत्तर १ : एकतारी पाक होईपर्यंत मुख्यतः पाणीच उडून जात असते. साखरेचे रेणू बहुतांशी तसेच राहतात, म्हणून पाक थंड झाल्यावर पातेल्याच्या कडेला पुन्हा पांढरे कण धरतात. पाणी संपून तापमान १६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की रेणू मोडू लागतात, रंग आणि वास बदलतो आणि कितीही पाणी घातले तरी ती साखर परत मिळत नाही. हा रासायनिक बदल.

उत्तर २ : यात थोडी भर घालतो. उकळत्या पाकात आपण लिंबू पिळतो, तेव्हा आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि म्हणूनच पाक लवकर साखरत नाही. रंग बदलत नाही, वायू सुटत नाही, तरीही हा बदल रासायनिकच आहे! मुलांना केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा पाठ करायला लावू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ : ‘उलट फिरवता येतो तो भौतिक’ हा नियमही अपुरा आहे. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, पण दळणे हा भौतिक बदलच आहे, कारण पिठातील स्टार्च आणि प्रथिने दाण्यात होती तीच असतात.