बेल कोणती? गाठीची, जामिनाची की शाळेची?

भाचीने परवा विचारलं, "मामा, जिनिंगमधली बेल आणि कोर्टातली बेल एकच का?" ती चोपड्याला दहावीत आहे आणि मी त्याच तालुक्यात कापसाच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये हिशेब बघतो.

एकच नाहीत, पण उच्चारात तसूभरही फरक नाही. गाठीची बेल बी-ए-एल-ई, जामिनाची बी-ए-आय-एल. सरकी काढून उरलेली रुई प्रेसमध्ये दाबायची, पट्ट्या आवळायच्या, की झाली गाठ. आपल्याकडे ती १७० किलोची धरतात; तेवढ्या रुईला कापूस साधारण पाच क्विंटल लागतो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, गुंडाळलेला गठ्ठा अशा अर्थाचा. जामिनाच्या बेलचं मूळ लॅटिनमध्ये, ओझं वाहण्याच्या क्रियापदात. जामीन राहणारा दुसऱ्याचा भार आपल्या खांद्यावर घेतो, एवढं ध्यानात ठेवलं की अर्थ पक्का बसतो. स्टंपांवरच्या बेल्सचं स्पेलिंगही हेच.

मेलमध्ये गाठीच्या बेलऐवजी बी-ए-आय-एल पडलं तर स्पेलचेक लाल रेघ मारत नाही, कारण तोही शब्द बरोबरच असतो. म्हणून गाठींच्या आकड्याची ओळ मी पाठवण्याआधी अक्षर अक्षर वाचतो.

शाळेच्या बेलचं वेगळं. इंग्रजीत तिचा स्वर आखूड. बाकी दोघींचा लांबवलेला, जवळजवळ 'बेइल'. कानाला ती वेगळीच असते. सारखी केली आपल्या लिपीने, कारण तिघींना एकच मात्रा. 'वेस्ट'चं असंच. कंबर आणि वाया घालवणं हे दोन शब्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच, पण पश्चिम आणि बनियन यांची गल्लत आपल्या 'व'मुळे. मुलांना शिकवताना हे दोन ढीग वेगळे करावेत असं मला मनापासून वाटतं: मुळातच सारखे ऐकू येणारे शब्द, आणि आपण सारखे केलेले. पहिल्यांचं स्पेलिंग पाठ करावं लागतं. दुसऱ्यांसाठी कान तयार करावा लागतो.

बोलताना मात्र आमच्याकडे कोणी अडत नाही. कोर्टातून आलेल्याला अहिराणीत विचारतात, "बेल भेटनी का?" आणि प्रेसच्या आवारात हमाल गाठच म्हणतात. भाचीने शेवटी महादेवाला वाहतात त्या बेलाचं विचारलं. तो आपला, आणि तो 'तो बेल'. बाकी सगळ्या 'ती'.