मदत हवी आहे: कमेंट्स धो धो, पण प्रेक्षक मधेच सुटतोय

९० सेकंदांचा उभा व्हिडिओ, रुंदी-उंचीचं प्रमाण ९:१६. सासू कपाटाची किल्ली मागते, सून "देणार नाही" म्हणते आणि तिथेच कट. कमेंट्समध्ये दोन तट पडलेत, सुनेला तर लोक धारेवर धरतायत. त्याचं काही नाही, भांडण पेटलं म्हणजे सीन लागला.

अडचण रिटेन्शनच्या (कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकून आहेत त्याच्या) आलेखात आहे. पहिले ३ सेकंद ठीक, पण ४०व्या सेकंदाला, मुलगा दारात येऊन गप्प उभा राहतो तिथे, रेघ धपकन खाली. शॉट ६ सेकंदांचा, संवाद नाही, म्हणून सबटायटलही नाही. आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला व्हिडिओ अडकलाय असं वाटत असणार.

शॉट २ सेकंदांवर आणून सुनेच्या मुठीतल्या किल्लीचा क्लोजअप टाकावा, की शांतता तशीच ठेवून पंख्याची घरघर वाढवावी? (आवाज बंद असेल तर घरघरीचा उपयोग शून्य, हे कळतंय.) सरसकट कापलं तर ताणच निघून जाईल, ही धास्ती.

आणखी एक: "भाग २ कुठाय?" विचारणाऱ्यांसाठी पिन केलेली कमेंट पुरते का? शेवटच्या फ्रेमवरची पाटी व्हिडिओ लूप होताना (संपून आपोआप पुन्हा सुरू होताना) कुणी वाचत नाही, आणि खाली लिहिलं तर अ‍ॅपच्या कॅप्शनमागे झाकलं जातं.