मदत हवी आहे : 'ओव्हर'साठी एकच मराठी शब्द कोणता ठेवावा?

तळटीप
नमस्कार. 'ओव्हर' या इंग्रजी शब्दासाठी सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द हवा आहे. 'वर' घातला की काही वाक्ये बिघडतात, 'वरून' घातला की दुसरी बिघडतात. यादीत पुढे 'ऑन', 'अंडर', 'ऑफ' आणि 'आउट' हेही आहेत, पण आधी 'ओव्हर'चा निकाल लागू द्या. शब्दकोश पाहून झाले आहेत आणि त्यांत एकेका शब्दापुढे इतके अर्थ दिलेले आहेत की निवड करणे आणखीच अवघड होते, त्यामुळे कृपया शब्दकोश पाहण्याचा सल्ला देऊ नये. काम सोमवारी द्यायचे आहे.

रानवारा
मूळ मजकूर कथेचा आहे, कायद्याचा आहे की जाहिरातीचा, हे आपण लिहिलेले नाही. निदान दोन-तीन वाक्ये तरी द्यावीत. नुसत्या 'ओव्हर'वर मत देता येणार नाही.

सरळरेघ
यासाठी मी विद्यार्थ्यांना एक सोपा नियम पाठ करायला लावतो. घड्याळातील वेळेला 'अ‍ॅट', वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. अपवाद एवढाच लक्षात ठेवावा की रात्रीला 'अ‍ॅट नाइट' म्हणतात आणि सकाळला 'इन द मॉर्निंग'. एवढे पाठ केले की परीक्षेत गुण जात नाहीत.

तळटीप
सरळरेघ, परीक्षेचा संबंध नाही, वेळेचाही नाही आणि 'अ‍ॅट'बद्दल मी काही विचारलेले नाही. रानवारा, मजकूर तांत्रिक आहे. शब्द सुचवायला एवढी माहिती पुरेशी असावी.

अबोली
पुरेशी नाही, आणि त्याचे कारण आपल्या मजकुरात नसून 'ओव्हर' या शब्दाच्या स्वभावातच आहे. 'द लॅम्प इज ओव्हर द टेबल' म्हटले की दिवा टेबलाला न टेकता त्याच्या वर लटकतो आहे असे समजते, 'द क्लॉथ इज ओव्हर द टेबल' म्हटले की कापड टेबलाला चिकटून, त्याला झाकून पसरलेले दिसते, आणि त्याच टेबलाऐवजी टेकडी आली व 'शी लिव्ह्ज ओव्हर द हिल' असे वाक्य झाले, तर ती बाई टेकडीच्या माथ्यावर नसून पलीकडच्या बाजूला राहते. 'द मीटिंग इज ओव्हर' यात तर जागाच उरत नाही. काहीतरी ओलांडून शेवटाला पोहोचल्याची जाणीव तेवढी राहते.

हा शब्द भाषाशास्त्रज्ञांचा फार आवडता आहे. क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात केवळ 'ओव्हर'च्या अर्थांवर प्रबंध लिहिला, आणि जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मध्ये तेच विश्लेषण पुढे नेले. त्यांचे म्हणणे असे की हे अर्थ योगायोगाने एका शब्दात गोळा झालेले नाहीत; एक वस्तू दुसरीच्या वरच्या बाजूने जाते या मूळ चित्रातून ते एकातून एक फुटत गेले आहेत. कधी त्या चित्रातली वाटचाल महत्त्वाची ठरते, कधी झाकले जाणे, कधी वाट संपते ते टोक. मराठीत या प्रत्येक तुकड्याला वेगळे रूप आहे: '-च्या वर', '-वर', '-वरून', '-पलीकडे', '-भर'. म्हणून एक शब्द मागू नये.

जुने_पान
इतक्या दूर बर्कलीपर्यंत जाण्याची गरज नव्हती. 'आधारोऽधिकरणम्' या सूत्रात पाणिनीने अधिकरणाची, म्हणजे क्रिया ज्याच्या आधाराने घडते त्या स्थानाची, व्याख्या केली आहे आणि पुढच्या वैयाकरणांनी आधाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. 'कटे आस्ते' म्हणजे चटईवर बसतो, हा औपश्लेषिक आधार, कारण तेथे प्रत्यक्ष स्पर्श आहे. तिळांत तेल, हा अभिव्यापक आधार, कारण तेल तिळाच्या एका भागात नसून सर्वत्र आहे. 'मोक्षे इच्छास्ति' हा वैषयिक आधार. इच्छा मोक्षात ठेवलेली नसते, मोक्ष हा तिचा विषय असतो. इंग्रजी 'ऑन' आणि 'इन' यांचे सगळे प्रताप या तिघांत बसतात. धागाकर्त्यांनी प्रत्येक वाक्याचा आधार कोणता ते ठरवावे, शब्द आपोआप सुचेल.

अबोली
वर्गीकरण सुरेख आहे, परंतु ते सप्तमीचे आहे आणि प्रश्न 'ओव्हर'चा आहे. टेबलाच्या वर लटकणारा दिवा टेबलाच्या आधाराने राहिलेला नाही, मग त्याला अधिकरणाच्या कोणत्या खणात घालणार? आणि भिंतीवरून उडी मारणाऱ्याचा आधार कोणता?

जुने_पान
तेथे लक्षणा घ्यावी, म्हणजे मुख्य अर्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घ्यावा. 'गंगायां घोषः' हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गवळ्यांची वस्ती प्रवाहात असू शकत नाही, म्हणून 'गंगायाम्'चा अर्थ 'गंगेच्या तीरावर' असा करावा लागतो. लंडन 'ऑन द थेम्स' आहे असे इंग्रज म्हणतो तेव्हा तोही हेच करतो; शहर पाण्यावर तरंगत नाही. अर्थात शब्दाचा मुख्य अर्थ एकच धरावा, आणि तो जेथे बाधित होतो तेथे लक्षणेने पुढे जावे. पन्नास अर्थांची यादी करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शिस्तीचा वाटतो.

अबोली
'ऑन द थेम्स'चे उदाहरण चपखल आहे, हे मी मान्य करते. तरीही मुख्य अर्थ बाधित झाला हे ज्याला भाषा येते त्यालाच कळते. शिकणाऱ्याला किंवा यंत्राला ते कळत नाही. तारे 'आउट' असले की ते दिसतात आणि दिवे 'आउट' असले की ते दिसत नाहीत, यातला मुख्य अर्थ कोणता आणि बाधित कोणता, हे आपण सांगावे.

यंत्रमित्र
ही सगळी चर्चा वाचून मनोरंजन झाले, पण आजच्या काळात एवढा खल कशासाठी? पूर्ण मजकूर यंत्रानुवादाला द्यावा, तो संदर्भ पाहून योग्य रूप निवडतो, मग वरवर एक नजर फिरवावी. मी माझे सर्व काम असेच करतो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

रानवारा
तक्रार आली नाही याचा अर्थ कोणी वाचले नाही असाही होऊ शकतो. मागे एका उपकरणाच्या मराठी सूचनांमध्ये 'व्हेन द अलार्म गोज ऑफ' याचे भाषांतर 'गजर बंद झाल्यावर खोलीबाहेर पडावे' असे छापलेले मी पाहिले आहे. 'गोज ऑफ' म्हणजे येथे गजर वाजू लागणे. त्या सूचनेनुसार वागणारा माणूस गजर वाजत असेपर्यंत आत बसून राहील. 'टर्न ऑफ'मधला 'ऑफ' बंद करतो आणि 'गो ऑफ'मधला 'ऑफ' सुरू करतो, तेव्हा या शब्दांवरून वरवरची नजर फिरवून भागत नाही. हे केवळ यंत्राच्या बाबतीत घडते असेही नाही. ज्याच्या हातात 'ऑफ म्हणजे बंद' अशी यादी दिलेली असते तो माणूसही हेच लिहितो.

तळटीप
रानवारा, तुमच्या शेवटच्या वाक्याने काळजी वाढली, कारण मी अशीच यादी करतो आहे. ज्या प्रणालीत भाषांतर करायचे आहे तिच्यात आधी शब्दसूची भरावी लागते आणि तिच्यात एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द चालतो. दुसरा शब्द वापरला की प्रणाली त्या वाक्यावर चुकीची खूण करते आणि काम परत येते. म्हणून एकच शब्द मागितला होता. हे सर्वांना माहीत असेल असे वाटले.

रानवारा
ते कोणालाही माहीत असण्याचे कारण नव्हते. आता वाक्ये द्यावीत.

तळटीप
ही पाहा.
'प्लेस द कव्हर ओव्हर द ओपनिंग.'
'डू नॉट रन द केबल ओव्हर शार्प एजेस.'
'इफ द टेम्परेचर गोज ओव्हर ६० डिग्रीज.'
'माउंट द शील्ड ओव्हर द व्हेंट.'
'अप्लाय द जेल ऑल ओव्हर द सरफेस.'
'इफ द टेस्ट फेल्स, स्टार्ट ओव्हर.'
आणि हो, 'व्हेन द अलार्म गोज ऑफ' हेही आहे.

कुतूहल
मध्येच बोलतो, पण वाक्ये पाहून एक गोष्ट आठवली. आपण इंग्रजीला नावे ठेवतो, पण मराठीही काही कमी नाही. अंगठी बोटात असते, मोजे पायात असतात, टोपी मात्र डोक्यावर असते. इंग्रजी या तिन्हींना 'ऑन' म्हणून मोकळी होते. वास्तविक बोट अंगठीत असते, अंगठी बोटात नव्हे! झाडाचेही तसेच आहे. पक्षी झाडावर बसतो आणि फळ झाडाला लागते, तर इंग्रजीत पक्षी 'इन द ट्री' आणि फळ 'ऑन द ट्री'. भिंतीवर चित्र असते आणि भिंतीला तडा जातो, तर इंग्रजीत चित्र 'ऑन द वॉल' आणि तडा 'इन द वॉल'. कोपऱ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकत्र येतात: खोलीच्या कोपऱ्यात 'इन', रस्त्याच्या कोपऱ्यावर 'ऑन'.

अबोली
कोरियन भाषेत याहून वेगळीच विभागणी आहे. मेलिसा बॉवरमन आणि सुनजा चोई यांनी मुलांच्या भाषाशिक्षणाचा अभ्यास करताना दाखवले की 'क्किदा' हे कोरियन क्रियापद घट्ट बसवण्यासाठी वापरतात, मग ती बोटावर चढवलेली अंगठी असो की डबीत बसवलेली कॅसेट. इंग्रजीला तेथे 'ऑन' आणि 'इन' असा भेद दिसतो. कोरियनला सैल आणि घट्ट हा भेद महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे एका भाषेतला स्थळवाचक शब्द दुसऱ्या भाषेतल्या एका शब्दावर नेमका बसेल, ही अपेक्षाच टिकत नाही.

सरळरेघ
तरीसुद्धा वाहनांसाठी एक नियम सांगून ठेवतो, कारण तो नेहमी विचारला जातो. ज्यात उभे राहून चालता येते त्याला 'ऑन', जसे बस, रेल्वे, विमान. ज्यात बसूनच राहावे लागते त्याला 'इन', जसे मोटार.

तळटीप
सरळरेघ, सूचनापत्र एका जागी बसवलेल्या उपकरणाचे आहे. त्यात कोणी चढत नाही.

रानवारा
आपल्या वाक्यांकडे येतो. माझ्या मते असे लिहावे.

पहिले: 'उघडे तोंड पूर्ण झाकले जाईल असे झाकण बसवावे.' येथे झाकणे हाच 'ओव्हर'चा अर्थ आहे आणि तो मराठीत क्रियापदात जातो. 'झाकण तोंडावर ठेवावे' असे लिहिले तर ते अर्धवट ठेवले तरी चालते असे वाटेल.

दुसरे: 'धारदार कडांवरून केबल नेऊ नये.' केबल ठेवायची नसून न्यायची आहे, म्हणून 'वरून'.

तिसरे: 'तापमान ६० अंशांहून अधिक झाल्यास.' येथे वर-खाली काही नाही, केवळ प्रमाण आहे. 'अंशांच्या वर' चालेल, 'अंशांवर' मात्र चालणार नाही, कारण 'तापमान ६० अंशांवर गेल्यास' याचा अर्थ नेमके ६० अंश असाही घेतला जाईल.

पाचवे: 'संपूर्ण पृष्ठभागावर जेल लावावे', किंवा 'पृष्ठभागभर'.

सहावे: 'चाचणी अयशस्वी झाल्यास सुरुवातीपासून पुन्हा करावी.'

गजराचे: 'गजर वाजू लागताच.' तेथे 'ऑफ' दिसता कामा नये आणि 'बंद' तर मुळीच नाही.

चौथे वाक्य मी मुद्दाम सोडले. ढाल हवेच्या झरोक्याला टेकवून त्यावर बसवायची आहे, की मध्ये अंतर ठेवून झरोक्याच्या वर लावायची आहे, हे त्या वाक्यावरून कळत नाही. इंग्रजी 'ओव्हर'ला दोन्ही चालते. मराठीत 'झरोक्यावर' आणि 'झरोक्याच्या वर' यांतले एक निवडावेच लागते आणि चुकीचे निवडले तर हवा कोंडेल. आकृती आहे का?

जुने_पान
'-वर' आणि '-च्या वर' यांतला हा भेद नेमका स्पर्शाचा आहे, म्हणजेच औपश्लेषिक आधार आहे की नाही याचा. एवढेच नोंदवतो.

अबोली
येथे मात्र आपण बरोबर आहात.

यंत्रमित्र
मी ही सहाही वाक्ये यंत्राला देऊन पाहिली. चार बरोबर आली.

रानवारा
आणि उरलेली दोन कोणती, हे ठरवायला शेवटी मराठी जाणणारा माणूस लागलाच.

तळटीप
आकृती आहे. ढाल चार उंचवट्यांवर बसते आणि झरोका तिच्याखाली मोकळा राहतो, म्हणजे 'झरोक्याच्या वर, मध्ये अंतर ठेवून'. वाक्ये सुटली, पण शब्दसूचीचे काय? सहा वाक्यांत 'ओव्हर'ची सहा वेगळी रूपे झाली आहेत आणि प्रणाली प्रत्येकावर खूण करणार.

रानवारा
'ओव्हर' हा सुटा शब्द सूचीत ठेवूच नये. 'ऑन', 'अंडर', 'ऑफ', 'आउट' हेही काढून टाकावेत. सूची पारिभाषिक शब्दांसाठी असते. ढाल, झरोका, झाकण, केबल हे त्यात असू द्यावेत, कारण ते सगळीकडे तेच राहायला हवेत. 'गो ऑफ', 'स्टार्ट ओव्हर', 'ऑल ओव्हर' असे क्रियापदासह किंवा जोडशब्दासह येणारे प्रयोग सूचीत अखंड भरता येतील, आणि त्यांच्यासमोर एकच मराठी रूप देणे शक्यही आहे. सूची कामाच्या मालकाने ठरवून दिलेली असेल, तर ही सहा वाक्ये त्यांच्याकडे पाठवावीत; एवढे पाहून ते हे शब्द वगळायला तयार होतील असे वाटते.

तळटीप
सूची मीच भरतो आहे, त्यामुळे हे शब्द काढून टाकले. 'अंडर'चे एकच वाक्य राहिले आहे: 'डू नॉट ओपन व्हाइल अंडर प्रेशर.' 'दाबाखाली' चालेल का?

रानवारा
'दाबाखाली असताना' हे समजते, पण मराठी वाचकाला आधी कामाचा किंवा मनाचा दाब आठवेल. 'आत दाब असताना उघडू नये' असे लिहावे. इंग्रजीत उपकरण दाबाच्या खाली असते, आपल्याकडे दाब उपकरणाच्या आत असतो.