लाली गेली, आणि पत्रकं वाटायला पाय निघत नाही

प्रश्न
2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, त्याच महिन्यात बिंदू चौकातनं परतताना ही कुत्री गटारीकडंला सापडली. मागचा पाय मोडलेला. रंगानं लाल, म्हणून लाली. पुढं प्रत्येक मोर्चात पुढंच, लंगडत.

शेवटी किडन्या गेल्या. दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचो. बाटली झेंड्याच्या काठीला अडकवायची, ही माझ्या मांडीवर तोंड टाकून गप पडायची. परवा गेली. वडणग्यात मेव्हण्याच्या उसाच्या बांधाला पुरली.

आता परत प्रचाराच्या पत्रकांचा गठ्ठा दारात आलाय. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला गल्लीत लाडक्या बहिणीच्या 1500 रुपयांशिवाय विषय नव्हता. आम्ही हमीभाव, कंत्राटी कामगार बोलायचो. लोक चहा पाजून वाटंला लावायचे. परत तेच करायचं का?

उत्तर १
भावा, वाईट झालं. पण त्या 1500 ला नावं ठेवू नगंस. माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातनंच येतात. आपण तिच्या दारात पाच वर्षांतनं एकदा जातो, ते बघ आधी.

उत्तर २
सलाईनच्या बाटल्या उरल्या असतील तर टाकू नका दादा. माझ्या म्हाताऱ्या बोक्याचंबी तेच दुखणं आहे. सुई कितीची वापरत होता?

प्रश्नकर्ता
20 नंबर. अर्धा बॉक्स आहे. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या, टोचायचं कसं तेबी दाखवतो. (आईचं पटलं. गठ्ठा अजून सोडला नाही मात्र.)