रूपांतरित खडकांतील टाल्कचा शोध: आधी काय करावे?

प्रश्न:
अभ्यासासाठी मिळालेल्या क्षेत्रात डोलोमाइटी संगमरवर (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा) आणि अभ्रकी सुभाजा (अभ्रकयुक्त, पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) एकमेकांना लागून आहेत, तर थोड्या अंतरावर सर्पेंटिनाइट या मॅग्नेशियमयुक्त, बहुधा हिरवट खडकाचे भिंगाकार पट्टे उघडे पडले आहेत. दोन्हीकडे नखाने ओरखडा उठेल असे मऊ, साबणासारखे गुळगुळीत तुकडे सापडतात; ते टाल्कचे, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त अतिशय मऊ खनिजाचे, असावेत असे वाटते. मातीचे नमुने, चुंबकीय सर्वेक्षण आणि भूवेधन (जमिनीत छिद्र पाडून नमुने घेणे) यांपैकी कशापासून सुरुवात करावी?

प्रतिसाद १:
त्याआधी मूळ खडकानुसार नकाशाचे दोन भाग करावेत, कारण पुढचे प्रत्येक साधन त्यावर ठरते.

सर्पेंटिनाइटमध्ये कार्बन डायऑक्साइडयुक्त द्रव शिरला की टाल्क आणि मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम कार्बोनेट) तयार होतात. अशा टाल्कमध्ये मूळ खडकातले लोह आणि निकेल काही प्रमाणात उतरते, म्हणून तो बहुधा करडा किंवा हिरवट असतो. मातीत निकेल व क्रोमियम वाढलेले दिसले तर सर्पेंटिनाइटचा माग लागतो, टाल्कचा नव्हे. चुंबकीय सर्वेक्षण येथे अधिक उपयोगी पडते: सर्पेंटिनाइटमधील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे मूल्ये चढतात, पण कार्बोनेटीकरण (वरील द्रवामुळे होणारा बदल) पुढे गेले की ते मॅग्नेटाइट नष्ट होऊ लागते, त्यामुळे चढलेल्या पट्ट्याच्या आत किंवा कडेला अचानक खाली आलेला भाग अवश्य तपासावा.

संगमरवराच्या बाजूला मात्र डोलोमाइट, सिलिका आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून टाल्क, कॅल्साइट आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. लोह कमी असल्याने हा टाल्क अधिक पांढरा असतो, आणि माझ्या मते तुमचे लक्ष प्रथम इकडे जावे. सिलिका वाहून आणणारे द्रव भ्रंशांतून (खडक सरकलेल्या भेगांतून) व खडकांच्या संपर्करेषेवरून फिरतात. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील त्रिमून येथील मोठा साठा डोलोमाइट व अभ्रकी सुभाजा यांच्या अशाच संपर्कावर आहे. तेथे डोलोमाइटचे टाल्कमध्ये आणि सुभाजांचे क्लोराइट या हिरवट खनिजामध्ये रूपांतर झाले.

प्रतिसाद २:
वरील विवेचनाशी सहमत आहे, पण तापमानाकडे दुर्लक्ष नको. तापमान वाढले की टाल्क आणि कॅल्साइट यांच्यापासून ट्रेमोलाइट हे खनिज बनू लागते, आणि ते तंतुमय असेल तर आरोग्यासाठी घातक ठरते. म्हणून क्ष-किरण विवर्तन या खनिजे ओळखण्याच्या चाचणीसोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणीही सुरुवातीपासूनच करावी.

भूवेधनात तिहेरी नळीचा कोअर बॅरल (खडकाचा दंडगोलाकार नमुना, म्हणजे गाभा, जपणारे साधन) वापरावा. मऊ टाल्क पाण्याबरोबर वाहून जातो आणि कठीण खडक तेवढा हाती राहतो. अशा वेळी न मिळालेला गाभा म्हणजे साठा नाही असे मानल्यास नेमका चांगला भाग हिशेबातून सुटतो.

प्रतिसाद ३:
सुभाजांलगतचे मऊ तुकडे पायरोफिलाइट या टाल्कसारख्याच मऊ खनिजाचे नाहीत ना, हेही पाहावे. हाताला दोन्ही सारखेच लागतात, परंतु पायरोफिलाइटमध्ये मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम असते, त्यामुळे साधे रासायनिक विश्लेषणही निर्णय देते.